ग्राउंडवर्क, म्हणजे पाठीवर न बसता जमिनीवरून दोरीनं घोड्याला शिकवणं, केलं की घोडा सुधारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर येतो. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय?

प्रॉब्लेम असा. हॉल्टर (तोंडावर घालायची मोहरकी) घालून घोड्याला बाहेर काढलं, चार पावलं चाललो की त्याचा खांदा आपल्या दंडाला लागतो. आपण थांबलो तरी तो थांबत नाही, अजून एक पाऊल टाकून आपल्यासमोर आडवा उभा राहतो, कपाळ आपल्या छातीवर घासतो नाहीतर आपल्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी बघत बसतो. मग पंधरा वीस मिनिटं ग्राउंडवर्क करायचं, मागे हटवायचं, पुठ्ठे म्हणजे मागचा भाग फिरवायचा, गोल चालवायचा, आणि घोडा खरंच सुधारतो, दोन हात लांब राहून शहाण्यासारखा चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्याचं दार उघडलं की ये रे माझ्या मागल्या.

माझ्या घोडीबरोबर हे जवळजवळ आठ महिने चाललं होतं. रोज पहिली पंधरा मिनिटं तिला तेच शिकवण्यात जायची जे काल शिकवलं होतं, परवा शिकवलं होतं, आणि मला वाटायचं की हिच्या डोक्यात काही राहतच नाही. आता मागे वळून बघितलं तर कळतं की तिच्या डोक्यात सगळं पक्कं राहत होतं, फक्त तिला दिवसभर जे शिकायला मिळत होतं ते मी पंधरा मिनिटांत जे शिकवत होते त्याच्या बरोब्बर उलट होतं. ज्यांचा घोडा असाच रोज शून्यावर येतो त्यांच्यासाठी हे सगळं नीट सविस्तर लिहितेय, कारण मला त्या वेळी जो तो एक नवीन व्यायाम सांगायचा आणि व्यायामात मुळात काही चूक नव्हती.

आधी एक गोष्ट उरकून घ्या, ती म्हणजे दुखणं. घोडा अचानक अंगावर यायला लागला असेल, म्हणजे आधी नीट चालायचा आणि गेल्या काही आठवड्यांत बदलला असेल, तर ट्रेनिंगचा विचार नंतर, आधी डॉक्टर. दात, पाठ, खूर आणि पोट. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास तयार होत असतं, खाल्लं असो वा नसो, त्यामुळे जास्त वेळ वैरणीशिवाय उभ्या राहणाऱ्या घोड्यांना अल्सर व्हायला वेळ लागत नाही आणि असा घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना किंवा खरारा करताना चिडचिडा होतो, सरकतो, ढकलतो. हॉल्टरही एकदा बघा. रोप हॉल्टरचा नाकावरचा भाग गालाच्या हाडाचा कंगोरा जिथं संपतो त्याच्या साधारण दोन बोटं खाली बसायला पाहिजे, त्याहून खाली गेला तर नाकाच्या मऊ कूर्चेवर दाब येतो आणि घोडा डोकं झटकून पुढं घुसतो, मग आपण म्हणतो बघा कसा अंगावर येतोय. गाठीचं टोक डोळ्यापासून लांब, मागच्या बाजूला वळलेलं हवं.

दुसरं, घोडा घाबरून येतोय का सवयीनं येतोय हे ओळखा, कारण दोन्हीचा इलाज वेगळा. घाबरलेल्या घोड्याची मान वर आणि ताठ असते, नाकपुड्या फुललेल्या, तोंड घट्ट मिटलेलं, आणि तो ज्या दिशेला भीती वाटते त्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे बऱ्याचदा आपल्याकडे सरकतो. आपण मधे आलो इतकंच, आपल्याला ढकलायचं त्याच्या मनात नसतं. त्याला त्या वेळी मागे हटवत बसलात तर तो दोन्हीकडून अडकल्यासारखा होतो. अशा वेळी आधी त्या वस्तूपासून अंतर वाढवा, त्याला दोन्ही डोळ्यांनी ती बघू द्या, मग पुढचं. सवयीनं येणारा घोडा मात्र अगदी निवांत असतो. मान खाली, खालचा ओठ सैल, एक कान बाजूला लोंबतोय, आणि तरी खांदा आपल्या अंगात. माझी घोडी पूर्णपणे या दुसऱ्या प्रकारातली. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे.

आता मुख्य मुद्दा. मी काय केलं, तर मोबाईल खांबाला बांधून ठेवला आणि घोडीला बाहेर काढण्यापासूनचं शूटिंग केलं. ग्राउंडवर्कचं आधी बऱ्याचदा केलं होतं, ते नाही, त्याच्या आधीचं. हॉल्टर घालणं, दारातून बाहेर येणं, उभं करून खरारा, खूर उचलणं, मग चालत रिंगणापर्यंत जाणं. साधारण साडेसहा मिनिटांचा व्हिडिओ होता. रात्री बसून बघितला तर पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, सगळं नॉर्मल. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पायांकडे बघितलं, माझ्या आणि तिच्या. साडेसहा मिनिटांत मी एकतीस वेळा पाय मागे किंवा बाजूला घेतला होता.

एक जागा तर मी थांबवून थांबवून बघितली. मी हॉल्टरची गाठ मारतेय, माझं सगळं लक्ष गाठीत. घोडी डोकं माझ्याकडे वळवते, जेमतेम वीतभर. माझा डावा खांदा मागे जातो. ती अजून थोडं वळवते, मी डावं पाऊल मागे घेते, वजन टाचेवर जातं. ती पुढचा उजवा पाय अर्धं पाऊल पुढं टाकते, मी दुसरंही पाऊल मागे घेते, आणि हे सगळं चालू असताना माझे हात गाठ मारतायत आणि माझं तोंड तिच्याशी गोड बोलतंय. गाठ बसली तेव्हा आम्ही दोघी पहिल्या जागेपासून हातभर सरकलो होतो आणि सरकवलं होतं तिनं. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की मी जागची हलले नाही.

हे का महत्त्वाचं ते समजून घ्या. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटण्यानं शिकतो. आपण दोरी हलवतो, काठी दाखवतो, बोटानं दाबतो, हे सगळं म्हणजे नुसता प्रश्न झाला, उत्तर मिळतं ते आपण थांबतो त्या क्षणी. दाब सुटला तेव्हा जे करत होतो ते बरोबर, असा घोड्याचा हिशोब. आपल्यासाठी तो धडा असतो, घोड्यासाठी मात्र धडा आणि धड्याबाहेरचा वेळ असा फरक नसतो. आपण एक पाऊल मागे घेतलं की त्याच्या समोरची जागा मोकळी झाली, दाब सुटला, म्हणजे पुढं सरकणं हे बरोबर उत्तर. दिवसातून पन्नास वेळा त्याला हे उत्तर बरोबर म्हणून मिळतं आणि ग्राउंडवर्कमध्ये दहा वेळा चूक म्हणून मिळतं. मग दुसऱ्या दिवशी तो कुठलं उत्तर आधी वापरून बघेल?

आणि त्यातही वाईट म्हणजे कधी चालतं कधी चालत नाही हा प्रकार. रोज प्रत्येक वेळी मिळणारी गोष्ट बंद केली तर जनावर लवकर सोडतं, पण मधूनमधून मिळणारी गोष्ट बंद केली तर ते फार काळ प्रयत्न करत राहतं. हे प्राण्यांच्या शिकण्याच्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या काळापासून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे माझ्या पंधरा मिनिटांच्या कडक शिस्तीनं आणि उरलेल्या दिवसाच्या ढिलाईनं मिळून तिचं अंगावर येणं अजून चिवट झालं होतं. मी काहीच केलं नसतं तर कदाचित ते इतकं घट्ट झालं नसतं असं मला आज वाटतं.

तुम्हाला वाटेल घोड्याला इतकं बारीक कळतं का, अर्धं पाऊल, खांद्याचा कल वगैरे. कळतं. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणित मास्तरांचा हान्स नावाचा घोडा होता, टाप आपटून बेरजांची उत्तरं द्यायचा. १९०४ मध्ये समितीनं तपासलं, लबाडी कुठंच सापडली नाही. मग मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टनं बारकाईनं प्रयोग केले आणि १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा आकडेमोड करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला की हान्स चुकायचा. आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे ही हालचाल होते हे माहीत असूनही फुंग्स्टला स्वतःची हालचाल पूर्ण थांबवता येत नव्हती. म्हणून सांगते, मी मागे सरकत नाही असं ठरवून भागत नाही, व्हिडिओच काढा. साधी चुन्याची रेघ पायाशी ओढली तरी चालेल, रेघ सोडली की कळतं.

आता एक शब्द मला खटकतो तो सांगते, आदर. घोडा अंगावर आला की लगेच ऐकायला मिळतं की त्याला तुमच्याबद्दल आदर नाही, तुम्ही लीडर नाही, तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय. हे डोक्यात बसलं की हात जड होतो. मी सुद्धा त्या आठ महिन्यांत दोन तीनदा दोरी अशी झटकली आहे की आठवलं की अजून वाईट वाटतं, ती डोकं वर फेकून भिंतीला जाऊन टेकली होती आणि नंतर अख्खा दिवस मी हात वर केला की डोळे मिटायची. तिच्या बाजूनं बघा, तिला ज्याचं बक्षीस मिळत होतं तेच ती करत होती, त्यात अपमान कसला. टॉम डोरन्स (१९१०-२००३) आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट (१९२९-२००९) या अमेरिकेतल्या घोडेवाल्यांपासून ग्राउंडवर्कची ही पद्धत आजच्या रूपात पसरली, आणि त्यांचा सगळा भर टायमिंग आणि हाताच्या जाणिवेवर होता, घोड्याची बाजू समजून घेण्यावर होता. नंतर अमेरिकेतलेच ट्रेनर पॅट पॅरेली यांनी सात गेम्समध्ये, म्हणजे सात ठरावीक व्यायामांत, ती बसवली, शिकायला सोपी झाली, पण गेम पूर्ण झाला म्हणजे गोष्ट शिकवून झाली असं वाटायला लागतं तिथं गडबड होते. माझे सातही गेम चांगले चालायचे. त्यातल्या यो-यो या मागे-पुढे करायच्या गेममध्ये घोडी बोटाच्या इशाऱ्यावर दोरीच्या टोकापर्यंत मागे जायची. आणि दारातून बाहेर येताना पायावर पाय द्यायची.

मग उपाय काय केला. पहिले सहा दिवस मी ग्राउंडवर्क बंद ठेवलं. पूर्ण बंद. फक्त रोजची कामं, पण एका नियमानं, की माझे पाय तिच्यामुळे हलणार नाहीत, हलले तर तिच्यामुळे नाही, मी ठरवलं म्हणून.

हे प्रत्यक्षात कसं करायचं तर आधी आपली हद्द ठरवा. मी हात सरळ केल्यावर बोटांची टोकं जिथं येतात तिथपर्यंत माझी जागा. घोडा आत आला की मी मागे न जाता जागेवर उभी राहून दोरी हलवायला लागते, आधी नुसतं मनगट, मग कोपरापासून हात, मग सगळा दंड, आणि तरीही नाही तर काठीचं टोक तिच्या छातीसमोर जमिनीवर ठोकते. हे चार टप्पे एकामागून एक सारख्या वेगानं, मधे न थांबता. बरेच जण पहिल्याच टप्प्यावर पाच मिनिटं मनगट हलवत बसतात, घोड्याला त्याची सवय होते आणि त्याचा अर्थच उरत नाही. उलट काही जण थेट चौथ्यावर जातात. पहिल्या टप्प्याला संधी द्यायची, नाही ऐकलं तर टाळाटाळ न करता वर जायचं, आणि घोड्याचं वजन मागे गेलं की त्याच क्षणी सगळं बंद. लक्षात घ्या, पाऊल मागे टाकल्यावर नव्हे, वजन मागे गेल्यावर. छातीचे स्नायू आखडतात, पुढचे गुडघे किंचित वाकतात, मान थोडी मागे येते, तिथं थांबा. सुरुवातीला हे पकडता येत नाही, मीही एक सेकंद उशिरा थांबायचे, आणि एक सेकंदात घोडा तीन वेगळ्या गोष्टी करून मोकळा होतो.

दोरीला झोळ हवा. मागे हटवताना दोरी घट्ट धरून नाक मागे ढकलत राहणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे, त्यात घोडा डोकं वर करून पाठ पोकळ करतो आणि पाय ओढत मागे जातो, आणि आपण हात सोडला की स्प्रिंगसारखा परत पुढं. नीट मागे जाणारा घोडा कर्णरेषेतले दोन पाय एकत्र उचलतो, दोन ठेक्यांत, डोकं खाली ठेवून. टापांचा आवाज ऐका, टप टप असा स्वच्छ दोनचा ताल येतोय का खरखर फरफटल्यासारखा चार चार आवाज येतायत. चार येत असतील तर तुम्ही घाई करताय.

थांबल्यावर काहीही करू नका. हा भाग लोक वगळतात. घोडा मागे गेला, बरं वाटलं, लगेच परत ये म्हणून बोलावलं, तर त्यानं काय शिकावं? मी मनात वीसपर्यंत मोजते. कधी ती जीभ फिरवते, तोंड चावल्यासारखं करते, आणि लोक म्हणतात बघा समजलं तिला. समजलं असेलही, पण जीभ फिरवणं हे बरेचदा ताण उतरला की होतं, कोरडं पडलेलं तोंड ओलं होतं म्हणून. त्यामुळे दर वेळी ते दिसायला लागलं तर मी ते चांगलं लक्षण मानत नाही, याचा अर्थ मी दर वेळी तिला ताण देतेय.

तिसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत ती जास्त बिघडली. हे मुद्दाम ठळकपणे सांगतेय कारण इथंच सगळे सोडून देतात. आधी नुसता खांदा लावायची, आता डोक्यानं ढकलायला लागली, एकदा जॅकेटची बाही दातात धरली. जी युक्ती इतके दिवस चालत होती ती चालेनाशी झाली की जनावर आधी तीच युक्ती जास्त जोरात करून बघतं, मग सोडतं. आपणही बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आधी जोरजोरात दाबतोच की. हे दिवस शांतपणे काढायचे, दाब वाढवायचा नाही, पाय मात्र हलवायचे नाहीत. आणि जर या दिवसांत तुम्ही थकून एकदा जरी मागे सरकलात तर तिला कळतं की जोरात ढकललं की चालतं, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं, ती नेहमीसारखी पुढं आली, माझ्यापासून हातभर अंतरावर पोचली आणि स्वतःहून थांबली. मी दोरी हलवलीसुद्धा नव्हती. मी हॉल्टर हातात धरून तशीच उभी राहिले, कितीतरी वेळ.

बाकीच्या माणसांचं काय, हा प्रश्न येतोच. घोड्याला तुम्ही एकटे हाताळत नाही, वैरण टाकणारा माणूस असतो, मोतद्दार असतो, घरातली मुलं असतात. सगळ्यांना सगळं शिकवायला गेलात तर कुणीच काही करत नाही. मी फक्त एक गोष्ट मागितली, चंदीची (दाण्याची) बादली घोडी एक पाऊल मागे गेल्याशिवाय खाली ठेवायची नाही. पूर्वी काय व्हायचं, बादली दिसली की ती पुढं घुसायची आणि माणूस बादली टाकून बाजूला उडी मारायचा, म्हणजे पुढं घुसलं की माणूस हटतो आणि वर खायला मिळतं, याच्याइतकं जोरदार बक्षीस दुसरं कुठलंच नाही. आता बादली कमरेला धरून उभं राहायचं, ती ढकलेल, पाय आपटेल, मग कधीतरी कंटाळून वजन मागे घेईल, त्या क्षणी बादली खाली. चार दिवसांत ती बादली दिसली की आधीच मागे जाऊन उभी राहायला लागली. पण ज्या घोड्याला चंदीवरून कान पाडून अंगावर यायची, चावायची सवय आहे त्याच्यासमोर बादली धरून उभं राहू नका, त्याला दाराच्या बाहेरून द्या आणि अनुभवी माणूस बोलवा. हातानं खाऊ देणं मी तेव्हापासून बंद केलंय, खाऊ वाईट म्हणून नव्हे, माझं टायमिंग अजून तेवढं चांगलं नाही म्हणून.

आठवड्यानंतर ग्राउंडवर्क पुन्हा सुरू केलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक, पुठ्ठे फिरवणं कमी केलं. मागचे पाय आडवे टाकायला लावणं हा उपयोगी व्यायाम आहे, आतला मागचा पाय बाहेरच्या पायाच्या पुढून ओलांडतो, घोड्याचा जोर निघून जातो, अडचणीच्या वेळी हाच ब्रेक. पण दर दोन मिनिटांनी तेच केलं आणि प्रत्येक वेळी शेवटी घोडा आपल्याकडे तोंड करून जवळ आला आणि आपण मान खाजवली, तर घोडा काय धरतो? गोंधळ झाला की वळायचं आणि माणसाकडे यायचं. माझी घोडी गोल चालताना मधेच थांबून वळून माझ्याकडे यायची ती यामुळेच, आणि मी त्याला प्रेम समजत होते. आता मी तिला वळायला लावते तेव्हा लांबच थांबवते आणि मीच चालत तिच्याकडे जाते.

दोन, गोल लहान होण्याचा प्रश्न. घोडा गोल चालताना हळूहळू आत येतो, दोरी सैल पडते, आपण नकळत मागे चालत जाऊन दोरी ताणून घेतो. पुन्हा तेच, आपले पाय. आणि मग पुठ्ठ्याकडे काठी करून हाकलतो, त्यानं तो बाहेर जात नाही, वेग वाढतो आणि अजून आत येतो. घोडा आत येतो तो खांद्यानं, डोकं बऱ्याचदा बाहेर बघत असतं. काठी खांद्याकडे किंवा मानेच्या मधोमध दाखवा आणि स्वतः एक पाऊल खांद्याच्या दिशेनं पुढं टाका. नुसतं पुढं पाऊल टाकणं माझ्या घोडीला पुरलं, काठी लागलीच नाही. दहा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गोल फिरवू नका, सांध्यांवर ताण येतो आणि डोकंही बंद होतं.

डाव्या बाजूनं सगळं जमतं आणि उजवीकडून पुन्हा अंगावर येतो असं होत असेल तर ते नॉर्मल आहे. एका डोळ्यानं बघितलेलं दुसऱ्या डोळ्याला कळतच नाही असं सर्रास सांगतात ते खरं नाही, १९९९ मध्ये एव्हलिन हँगी यांनी प्रयोगात दाखवलंय की एक डोळा झाकून शिकवलेले आकार घोडे दुसऱ्या डोळ्यानंही ओळखतात. पण आपण हॉल्टर डावीकडून घालतो, चालवतो डावीकडून, चढतो डावीकडून, उजवीकडून आपण स्वतःच अवघडलेले असतो, दोरी चुकीच्या हातात, पाय गोंधळलेले. उजव्या बाजूचे दिवस वेगळे द्या आणि व्हिडिओही वेगळा काढा. माझा उजवीकडचा आकडा डावीपेक्षा जास्त निघाला.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनावर घ्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. हातमोजे, हेल्मेट, बंद बूट. पाय हलवू नका म्हणतेय ते ढकलणाऱ्या घोड्यापुरतं, चारशे पाचशे किलोचं जनावर घाबरून धावत आलं तर पटकन बाजूला व्हा, तिथं शिकवणं वगैरे काही नाही. घोडा आणि भिंत यांच्या मधे कधीच उभं राहू नका. कपाळाच्या अगदी समोर घोड्याला दिसत नाही, त्यामुळे अगदी नाकासमोर उभं राहून मागे हटवण्यापेक्षा थोडं एका बाजूला उभं राहा, म्हणजे त्याला तुम्ही दिसता आणि तो उसळला तर तुम्ही वाटेत नसता. मागे हटवताना घोडा पुढचे पाय उचलायला लागला किंवा पुढच्या पायानं मारायला लागला तर एकट्यानं पुढं जाऊ नका, ज्यानं असे घोडे हाताळलेत त्याला बोलवा.

सध्याची स्थिती अशी की दहातले आठ दिवस काहीच करावं लागत नाही. जोराचा वारा असला किंवा मी स्वतः घाईत असले की तिचा खांदा अजून सरकतो, विशेषतः फाटकातून जाताना, तिथं मी आता आधी तिला थांबवते, मग मी पलीकडे जाते, मग तिला बोलावते, आणि ती आल्यावर लगेच माझ्याकडे वळवून उभी करते, तेवढ्यानं भागतं. एकच गोष्ट बरेच दिवस सुटत नव्हती, काम झाल्यावर हॉल्टर काढला की डोकं माझ्या खांद्यावर घासणं. घामानं हॉल्टरखाली खाज सुटते, ती खरी असते, तिला नाही म्हणणं मला पटत नव्हतं आणि घासू दिलं की दुसऱ्या दिवशी परत खांदा. मग हॉल्टर काढायच्या आधी तिला दोन पावलं मागे पाठवायला लागले, ती तिथं उभी राहते, आणि मी चालत तिच्यापर्यंत जाऊन हॉल्टर काढते आणि कानामागे, गालावर, नाकाच्या हाडावर मऊ ब्रशनं चांगलं दोन मिनिटं घासून देते. आता काम संपलं की ती स्वतःच दोन पावलं मागे जाते आणि मान खाली करून वाट बघते.